कायद्याचा उंबरठा

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या जागची सुरक्षा व आरोग्य या विषयांवरच्या या संहितांनी एकोणतीस जुन्या केंद्रीय कायद्यांची जागा घेतली. तेव्हापासून मालकांच्या बैठकांतून आणि कामगार संघटनांच्या सभांतून एकच वाद चालू आहे. मालक म्हणतात, आता धंदा करणे सोपे होईल. संघटना म्हणतात, सव्वाशे वर्षांत मिळवलेले हातचे गेले. परंतु या वादात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते. कायदा हे जणू एक घर आहे, सगळे कामगार त्या घरात राहत होते, आणि आता भांडण आहे ते घराच्या भिंतींवरून. मला इथे वेगळा प्रश्न विचारायचा आहे. त्या घरात कोण होते आणि उंबरठ्याबाहेर कोण होते?

उंबरठा हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी दुसऱ्याच्या उंबरठ्याबाहेर उभे राहून भाकरीसाठी हाळी दिली, त्यांना या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. प्रत्येक कामगार कायद्याला असा एक उंबरठा असतो. कधी तो आकड्याचा असतो: इतके कामगार असतील तर कायदा लागू, एक जरी कमी भरला तर नाही. कधी तो शब्दाचा असतो: कामगार कोणाला म्हणावे, मालक कोणाला म्हणावे, कोणते काम मुख्य आणि कोणते किरकोळ. जुन्या समाजव्यवस्थेने आपल्याला जातीचे नाव घेऊन बाहेर ठेवले. कामगार कायद्यात जातीचे नाव कुठेच नाही. पण आकडा आणि व्याख्या यांच्या आडून बाहेर राहणारी माणसे बहुतांशी तीच आहेत. हे कसे घडत आले ते पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

१

महाराष्ट्रातल्या नोकरीच्या कायद्याचा इतिहास लिहिणारे बहुधा गिरणीपासून सुरुवात करतात. आपल्या दृष्टीने ती सुरुवात वतनापासून करावी लागते. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने महारकीला सरकारी मान्यता दिली. त्या कायद्यात नोकरीचे सर्व बंधन होते, नोकराचा एकही हक्क नव्हता. काम कोणते याची यादी नव्हती. कामाचे तास नव्हते. दिवस आणि रात्र दोन्ही सरकारची. वतनदार गावी नसला तर त्याच्या घरातल्या दुसऱ्या कोणी राबावे. आणि वेतन? काम सरकारचे, पण सरकार देई ते नगण्य. मुख्य मोबदला म्हणजे बलुते, आणि ते द्यायचे रयतेने. रयत रुसली की बलुते बंद. बलुते बंद झाले म्हणून सरकारचे काम थांबवावे, तर वतन जाण्याची भीती.

बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, तेव्हा त्यांनी नेमके या जागी बोट ठेवले. जो काम घेतो त्याने पगार द्यावा, आणि काम कोणते ते आधी ठरवावे. ही मागणी वरवर पाहता किती साधी! पण तीत आधुनिक नोकरीच्या कायद्याचा गाभा आहे. काम घेणारा एक, पैसे देणारा दुसरा, आणि जबाबदार कोणीच नाही, या रचनेला त्यांनी आव्हान दिले होते. ते विधेयक त्या वेळी पार पडले नाही. महारकीसकट कनिष्ठ गावकामगारांची वतने खालसा करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. वतन गेले. ती रचना मात्र गेली नाही. पुढे ती ठेकेदाराच्या रूपाने परत आली, त्याकडे मी नंतर येतो.

२

शहरातही सुरुवातीचा कायदा मालकाच्या बाजूचाच होता. १८५९ च्या करारभंगाच्या कायद्यान्वये, उचल घेऊन काम अर्धवट सोडणाऱ्या कारागिराला किंवा मजुराला फौजदारी कोर्टात खेचता येई आणि कोर्टाचा हुकूम न मानल्यास तुरुंगात घालता येई. मालकाने पगार बुडवला तर मात्र तो दिवाणी दावा. कामगाराची चूक गुन्हा आणि मालकाची चूक हिशेबाचा घोटाळा, हा न्याय १९२५ साली कायदा रद्द ठरेपर्यंत चालू राहिला.

कामगाराच्या बाजूने पहिले पाऊल पडले ते १८८१ च्या फॅक्टरी ॲक्टने. त्यात लँकेशायरच्या गिरणीमालकांचा स्वार्थ होता हे खरेच. मुंबईचे कापड स्वस्त पडू नये ही त्यांची तळमळ. तरी पण सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी आली. हा कायदा लागू होता फक्त यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांना. हा पहिला उंबरठा. त्यानंतर नारायण मेघाजी लोखंडे उभे राहिले. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक परंपरेतला हा माणूस. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली, 'दीनबंधू'तून कामगारांची गाऱ्हाणी मांडली, आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याच्या सुट्टीचा निर्णय झाला. १८९१ च्या कायद्याने उंबरठा शंभरावरून पन्नासावर आणला आणि स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा घातली. १९२२ साली हा आकडा वीस झाला. १९४८ च्या कायद्याने तो यंत्रशक्ती असेल तिथे दहा आणि नसेल तिथे वीस असा ठरवला.

वाचकांनी हा क्रम ध्यानात ठेवावा: शंभर, पन्नास, वीस, दहा. सदुसष्ट वर्षे उंबरठा खाली येत होता आणि दर खेपेस काही हजार माणसे आत येत होती. कामगार चळवळीचा खरा विजय मोजायचा तर तो या आकड्यांत मोजावा.

३

परंतु गिरणीच्या दारातून आत गेले म्हणजे उंबरठे संपत नव्हते. गिरणीच्या आत आणखी एक उंबरठा होता आणि तो कोणत्याही कायद्यात लिहिलेला नव्हता. साचेखात्यात, म्हणजे मागावर, अस्पृश्याला काम मिळत नसे. कारण सांगितले जाई ते असे की, धोट्यातली कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागते. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा स्पृश्याने कसा घ्यावा? साचेखात्यात पगार जास्त. सूत काढण्याच्या खात्यांत पगार कमी, आणि तिथेच आपली माणसे. म्हणजे थुंकीवर उभ्या असलेल्या एका रूढीने पगाराची वर्गवारी ठरवली होती.

१९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी युनियनच्या पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न ठेवला. सर्व खाती अस्पृश्यांना खुली करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घाला, असा त्यांचा आग्रह होता. पुढाऱ्यांनी ती नाखुषीने घातली. मालकांपुढे ती मागणी गेली तेव्हा त्यांनी हसून उत्तर दिले की, हा अन्याय असेल तर तो आमचा नव्हे. मालकांचे हे उत्तर धूर्तपणाचे होते, पण ते अगदीच खोटे होते असे कोणी म्हणू शकेल काय? साचेखात्याचे दार मालकाने बंद केले नव्हते, कामगाराने केले होते. मालकाने फक्त त्यातला फायदा घेतला. वर्गाच्या नावाने सगळे एक आहेत असे सांगणाऱ्यांनी हा प्रसंग सोयीस्करपणे विसरून जाण्याची प्रथा पाडली आहे.

रेल्वेत हेच चित्र होते. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे बाबासाहेब तिथे म्हणाले, हे सर्वांना पाठ आहे. त्याच भाषणात त्यांनी दिलेले दाखले मात्र कमी सांगितले जातात. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच म्हातारा होतो. त्याला पोर्टर करत नाहीत, कारण पोर्टरकडून स्टेशनमास्तरला घरकामही करून घ्यायचे असते. वर्कशॉपात त्याला फिटर होता येत नाही. यातले काहीही कायद्याने ठरलेले नव्हते, आणि कायद्याने मोडलेलेही नव्हते.

माझे वडील मुंबईच्या एका गिरणीत रिंगखात्यात बदली होते. रोज सकाळी दारावर जायचे, कोणी गैरहजर असेल तर काम, नसेल तर परत. कित्येक वर्षे त्यांनी अशी काढली. आमच्या चाळीत कायम झालेल्या माणसाकडे लोक आदराने पाहत. लहानपणी मला वाटे, कायम ही काहीतरी पदवी आहे. पुढे कामगार संघटनेच्या कचेरीत अर्ज लिहू लागलो तेव्हा कळले की कायद्याच्या दृष्टीनेही ती एक पदवीच आहे. रजा, ग्रॅच्युइटी, नोकरीची शाश्वती हे सारे त्या एका शब्दाच्या पलीकडे.

४

स्वतंत्र मजूर पक्षाने १९३८ साली मुंबईच्या औद्योगिक कलह विधेयकाला विरोध केला, तो याच पार्श्वभूमीवर समजून घेतला पाहिजे. संपाचा हक्क म्हणजे आपल्याला मान्य नसलेल्या अटींवर राबायला नकार देण्याचे स्वातंत्र्य, आणि ते काढून घेणे म्हणजे माणसाला गुलाम करणे, असा बाबासाहेबांचा विधिमंडळातला युक्तिवाद होता. महारकीत ज्यांना नकार देण्याची सोय नव्हती, त्यांच्या पुढाऱ्याने हा युक्तिवाद करावा हे स्वाभाविक होते. ७ नोव्हेंबर १९३८ चा एक दिवसाचा संप स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी खांद्याला खांदा लावून केला.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी केलेल्या कामाची यादी आपल्या सभांतून वाचली जाते. मला त्यातली दिशा महत्त्वाची वाटते. १९४३ साली त्यांनी युनियनला मान्यता देण्याची सक्ती मालकावर आणणारे विधेयक मांडले. एप्रिल १९४६ मध्ये किमान वेतनाचे विधेयक मांडले. त्याचा कायदा १९४८ साली झाला. १९४६ सालीच आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घालणारी फॅक्टरी कायद्यातली दुरुस्ती झाली, आणि नोकरीच्या अटी लेखी ठरवून जाहीर करायला लावणारा स्थायी आदेशांचा कायदाही झाला. काम कोणते, तास किती, मोबदला किती, काढायचे तर कोणत्या कारणाने: १९२८ साली महारांसाठी मागितलेल्या गोष्टीच १९४६ साली सर्व कामगारांसाठी कायद्यात आल्या. बाबासाहेबांच्या कामगार धोरणाचे मूळ युरोपातल्या ग्रंथांत शोधणाऱ्यांनी कधीतरी चावडीसमोरही शोधून पाहावे.

५

स्वातंत्र्यानंतर कायदे पुष्कळ झाले. आणि कायदे जसे वाढले तशी ते टाळण्याची कलाही वाढली. तिचे मुख्य साधन ठेकेदार. काम माझे, जागा माझी, हत्यार माझे, पण माणूस ठेकेदाराचा. वतनाचीच ही रचना. फरक एवढाच की रयतेच्या जागी ठेकेदार आला.

१९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने याला आवर घालायचे ठरवले. काम बारमाही असेल, आस्थापनेला आवश्यक असेल, तर त्यात कंत्राटी पद्धत बंद करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. या कायद्याचा उंबरठा वीस कामगारांचा. याच अधिकारात ९ डिसेंबर १९७६ रोजी केंद्र सरकारने एक अधिसूचना काढली. केंद्राच्या अखत्यारीतल्या आस्थापनांच्या इमारतींची झाडलोट, साफसफाई, धूळ झटकणे आणि राखण ही कामे १ मार्च १९७७ पासून कंत्राटी कामगारांकडून करून घ्यायला तिने मनाई केली. मला ही अधिसूचना आपल्या सामाजिक इतिहासातला मोठा दस्तऐवज वाटते. झाडू मारणे हे बारमाही, आवश्यक काम आहे आणि ते करणारा माणूस आस्थापनेचा नोकर असला पाहिजे, असे सरकारने लेखी कबूल केले होते. १९९६ साली एअर इंडियाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पुढचे पाऊल टाकले: अशी बंदी आली की कंत्राटी कामगार आपोआप मूळ मालकाचा कामगार होतो.

पण हे फार टिकले नाही. ३० ऑगस्ट २००१ रोजी स्टील अथॉरिटीच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो निर्णय फिरवला. बंदी आली तरी कामगार आपोआप सामावला जाणार नाही, असे ठरले. १९७६ ची अधिसूचनाही, ती पुरेसा विचार न करता सरसकट काढली, या कारणाने रद्द झाली. एक वाट तेवढी उरली: कंत्राट हा नुसता देखावा आहे असे कामगाराने औद्योगिक न्यायालयात सिद्ध करावे.

ज्याच्याकडे हजेरीकार्ड नाही, पगाराची पावती नाही, त्याने हे सिद्ध करावे म्हणजे काय, हे मी जवळून पाहिले आहे. एका महानगरपालिकेच्या कचरागाडीवर बारा वर्षे काम केलेल्या माणसाचा अर्ज मी लिहीत होतो. "भाऊ, मालकाच्या रकान्यात काय लिहू?" असे विचारले. तो म्हणाला, "सर, हजेरी मुकादम घेतो. पैसे ठेकेदार देतो. गाडी कार्पोरेशनची. तुम्हाला काय बरं वाटतंय ते लिहा."

मुंबईच्या कचरा वाहतूक श्रमिक संघाने हा रकाना भरून दाखवला, म्हणून त्या लढ्याचे मोल मोठे आहे. मुंबई महानगरपालिकेने कचरा उचलण्याचे काम अनेक संस्थांना वाटून दिले होते. प्रत्येक तुकडी विसापेक्षा कमी माणसांची, म्हणजे कंत्राटी कामगार कायद्याच्या उंबरठ्याच्या अलीकडे. माणसांना म्हणायचे स्वयंसेवक आणि पगाराला म्हणायचे मानधन. शब्द किती सुंदर! ज्या माणसांच्या हातात फावडे होते, त्यांतले बहुसंख्य दुष्काळी मुलखातून आलेले दलित. ते कोणती सेवा स्वयंप्रेरणेने करत होते? २०१४ साली औद्योगिक न्यायाधिकरणाने हा सारा देखावा ठरवला आणि २,७०० कामगारांना महापालिकेचे कायम कामगार मानले. ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. त्यानंतरही यादीतले नाव आणि कागदातले नाव जुळत नाही, या कारणाने अनेकांच्या नेमणुका रेंगाळल्या. ज्याचे नाव कोणीच नीट लिहून घेतले नव्हते, त्याच्याकडेच नावाचा पुरावा मागितला गेला.

एस. टी. महामंडळाच्या सफाई कामगारांसाठी कास्ट्राईब संघटना लढली, तो २००९ चा निकालही विसरता कामा नये. माणसाला वर्षानुवर्षे बदली किंवा तात्पुरते ठेवून कायमपणाचे लाभ नाकारणे ही अनुचित कामगार प्रथा आहे, असे महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा म्हणतो. ती आढळल्यास कायम करण्याचा आदेश औद्योगिक न्यायालय देऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालात मान्य केले. त्या कायद्याच्या परिशिष्टात 'बदली' हा आमच्या चाळीतला शब्द जसाच्या तसा आहे.

६

आता नव्या संहितांकडे वळू. त्यांत चांगले काहीच नाही असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. किमान वेतन पूर्वी परिशिष्टातल्या ठराविक धंद्यांपुरते होते, ते आता सर्व नोकऱ्यांना लागू झाले. मुदतीच्या नोकरीतल्या माणसाला पाच वर्षांऐवजी एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला. नेमणूकपत्र देणे सक्तीचे झाले. घरोघर जेवण आणि सामान पोहोचवणाऱ्या मुलांचे नाव प्रथमच केंद्रीय कायद्यात आले, आणि कंपन्यांनी त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी उलाढालीच्या एक ते दोन टक्के द्यावेत अशी तरतूद झाली. मात्र त्यांची व्याख्याच मुळी रूढ मालक-नोकर संबंधाबाहेरचे कामगार अशी आहे. दिवाणखान्याऐवजी ओसरी मिळाली म्हणायची.

मालकांचीही एक बाजू आहे. लहान कारखानदार सांगतो की, दहा माणसांच्या शेडसाठी मी किती रजिस्टरे ठेवू, किती इन्स्पेक्टरांना तोंड देऊ? या तक्रारीत तथ्य आहे. रजिस्टरे कमी करावीत, जरूर करावीत. पण संहितांनी रजिस्टरांबरोबर उंबरठाही बदलला. कारखाना म्हणजे यंत्रशक्तीसह दहा माणसे, तिथे आता वीस. यंत्रशक्तीविना वीस, तिथे चाळीस. कंत्राटी कामगारांच्या तरतुदी विसाऐवजी पन्नासाला. कामगार कपात आणि कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन १९७६ साली तीनशे कामगारांच्या कारखान्यांना होते, १९८२ च्या दुरुस्तीने ते शंभरावर आणले. आता पुन्हा तीनशे. १८८१ पासून खाली येणारा आकडा वर चढू लागला आहे. भिवंडीच्या यंत्रमागांकडे पाहा. एकाच छपराखाली चार नावांचे चार धंदे, म्हणजे कोणताच कायद्याच्या आकड्याला पोहोचत नाही. ज्या मागावर एके काळी आपल्याला हात लावू देत नव्हते, तो माग कायद्याच्या घरातून बाहेर पडला आणि मग सर्वांना खुला झाला!

परंतु माझ्या मते सर्वांत गंभीर गोष्ट आकड्यात नाही, शब्दात आहे. सुरक्षा व आरोग्याच्या संहितेने मुख्य कामांत कंत्राटी कामगार लावायला मनाई केली आहे. ऐकायला हे छान वाटते. मग मुख्य कामाची व्याख्या येते, आणि तिच्यात जी कामे मुख्य मानू नयेत त्यांची यादी येते. त्या यादीत पहिले नाव कोणते? सफाई. झाडलोट, साफसफाई, धूळ झटकणे, सर्व प्रकारचा कचरा गोळा करणे व त्याची विल्हेवाट. त्यानंतर राखण, उपाहारगृह, माल चढवणे-उतरवणे, बागकाम, धुलाई.

वाचकांनी १९७६ ची अधिसूचना पुन्हा आठवावी. झाडलोट, साफसफाई, धूळ झटकणे, राखण. शब्द तेच आहेत. त्या वेळी ते कंत्राटाला मनाई असलेल्या कामांत होते. आता ते कंत्राटाला मोकळीक असलेल्या कामांत आहेत. चव्वेचाळीस वर्षांत झाडू बदलला नाही, झाडणारी जात फारशी बदलली नाही. शब्द उंबरठ्याच्या एका बाजूने उचलून दुसऱ्या बाजूला ठेवले गेले.

आणि यातली विसंगती पाहा. १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्याने सार्वजनिक सफाई ही लोकोपयोगी सेवा ठरवली होती. म्हणून सफाई कामगाराला नोटीस दिल्याशिवाय संप करता येत नसे. आता चौदा दिवसांच्या नोटिशीचे हे बंधन सर्वच उद्योगांतल्या कामगारांवर आले आहे. म्हणजे संपाचा प्रश्न आला की झाडू इतका आवश्यक की तो एक दिवस थांबता कामा नये, आणि कायम करण्याचा प्रश्न आला की तोच झाडू अनावश्यक. एकाच कामाला दोन मापे लावण्याची ही रीत आपल्याला नवी नाही. गाव स्वच्छ ठेवणारा गावाला हवा होता, गावात नको होता.

७

या प्रश्नाला आपल्या घरातली बाजूही आहे, आणि ती टाळून लिहिणे मला योग्य वाटत नाही.

लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार महाराष्ट्रात सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी नोकरी मिळते. ज्या घराने ही नोकरी धरून मुलांना शिकवले त्या घराला मी ती सोडून दे असे सांगू शकत नाही. पण दुसऱ्या कोणत्या कामाला असा वारसाहक्क सरकार आनंदाने देते? १९५८ साली आपण वतनाचा वारसा मोडला आणि झाडूचा वारसा मागायची पाळी आपल्यावर आली, कारण कायम पगाराची दुसरी वाट कोणी खुली केली नाही. पदवीधर मुलगा बापाच्या जागी झाडू घेतो तेव्हा तो परंपरा चालवत नसतो. तो कायमपणाच्या उंबरठ्याच्या आत येण्याची त्याच्यासमोरची एकमेव फट वापरत असतो.

दुसरी गोष्ट आरक्षणाची. आरक्षण असते ते सरकारच्या पदांना. पदच ठेकेदाराकडे गेले तर बिंदुनामावली कशाची? सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने बाह्य संस्थांमार्फत पदे भरण्याचा निर्णय काढला आणि विरोध झाल्यावर ऑक्टोबरमध्ये मागे घेतला. तेव्हा लिहिता-वाचता वर्ग खडबडून जागा झाला. सफाईची पदे त्याआधी कित्येक वर्षे अशीच बाहेर जात होती, तेव्हा तो झोपेत होता. खुर्चीची पदे गेली की आरक्षण धोक्यात, झाडूची गेली तर कोणाचे काय जाते, असे आपल्यातल्या शिकलेल्यांनाही वाटत आले असेल, तर तोही एक उंबरठाच म्हणावा लागेल.

तिसरी गोष्ट. आपल्यातले काही आता मालक झाले आहेत. २००५ साली दलित उद्योजकांची चेंबर पुण्यात स्थापन झाली. आपली माणसे कारखाने काढतात याचा मला अभिमान आहे. आपल्यातले काही सफाईचे ठेकेही घेतात. त्यांना माझे एवढेच विचारणे आहे की, तुमच्या कामगाराला नेमणूकपत्र आहे काय? त्याचा भविष्यनिर्वाह निधी भरता काय? एकोणीस माणसांवर रजिस्टर थांबवता काय? मालकाची जात बदलली म्हणून कामगाराच्या हजेरीतला खाडा भरून निघत नाही.

८

मग करायचे काय? संहिता जाळा, असे म्हणणे सोपे आहे. पण आज कामगाराच्या हातात असलेला कायदा तोच आहे आणि त्याच्यातूनच वाट काढावी लागणार आहे.

नेमणूकपत्राची सक्ती हे मला सर्वांत उपयोगी हत्यार दिसते. दहा माणसांच्या आस्थापनेपासून ती लागू आहे. कागदावर काम, तारीख आणि मालकाचे नाव लिहिलेले असले की बारा वर्षांनी कोणाला 'तुम्हाला काय बरं वाटतंय ते लिहा' असे म्हणावे लागणार नाही. वस्तीवस्तीत, कचरागाडीवर, इस्पितळाच्या वॉर्डात, ज्याला हे पत्र मिळाले नाही त्याची यादी संघटनांनी करावी. २० डिसेंबर २०२४ रोजी केंद्रीय जल आयोगातल्या सफाई कामगारांना सर्वोच्च न्यायालयाने नियमित करायला लावले, ते त्यांनी दीर्घकाळ सलग केलेल्या कामाच्या आधारावर. ते सलग काम दाखवणारा कागद असला की लढाई अर्धी सोपी होते.

दुसरे, मुख्य कामाच्या त्या व्याख्येत एक अट आहे: आस्थापना त्याच कामासाठी स्थापन झालेली नसेल, तरच ते काम मुख्य नाही. कापडाची गिरणी झाडण्यासाठी स्थापन झालेली नाही, हे मान्य. पण महानगरपालिका? मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यात शहराची सफाई, गटारे आणि कचऱ्याची विल्हेवाट ही पालिकेची बंधनकारक कर्तव्ये म्हणून लिहिलेली आहेत. जी संस्था कायद्याने याच कामासाठी उभी आहे, तिचे हे मुख्य काम नव्हे असे कोणत्या तोंडाने म्हणणार? हा मुद्दा प्रत्येक नगरपालिकेच्या सफाई कामगार संघटनेने आपल्या अर्जात पहिल्या परिच्छेदात घातला पाहिजे, आणि सरकारपुढे व न्यायालयापुढे तो लावून धरला पाहिजे.

१९२८ साली कौन्सिलात विचारलेला प्रश्न अजून तिथेच आहे. काम कोणाचे, आणि पगार कोणी द्यायचा? महारांच्या बाबतीत त्याचे उत्तर मिळायला तीस वर्षे लागली. आज पहाटे गाडीवर उभ्या असलेल्या माणसाला तितका वेळ नाही; तीस वर्षांनी तो निवृत्तीच्या वयाला आलेला असेल, आणि ज्याची नेमणूकच झाली नव्हती त्याला निवृत्त तरी कोण करणार?